घाटावरचा चहा, घाटाखालचे पाणी

बुलडाणा जिल्ह्याचा माणूस आपल्या जिल्ह्याचे दोनच भाग सांगतो. एक घाटावरचा, दुसरा घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे घाटावर. तर मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखाली. वर हवा थंड, खाली ऊन कडक. वरची भाषा मराठवाड्याकडे झुकणारी, खालची अस्सल वऱ्हाडी. पिके, पाणी, सोयरिकी यांत थोडाबहुत फरक असला तरी एका गोष्टीत दोन्ही भागांचे एकमत आहे : दारी आलेल्या माणसाला चहा घेतल्यावाचून जाऊ द्यायचे नाही.

जिल्ह्यात चहाचे एकही झुडूप उगवत नाही. पत्ती येते आसामातून, बंगालातून वा निलगिरीतून. तरीही पहाटेचे आधण, दुपारचा पेला आणि सायंकाळची बशी यांवाचून येथील दिवस पुरा होत नाही. गेल्या हिवाळ्यात ज्येष्ठ नागरिकांच्या रक्तदाब तपासणीच्या निमित्ताने मी चिखलीहून निघून बुलडाणा, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद आणि शेगाव असा तीन दिवसांचा प्रवास केला. या प्रवासात एक प्रश्न मला ठिकठिकाणी विचारण्यात आला. चहामध्ये थियानीन नावाचे काही द्रव्य असते आणि त्याने रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, असे मोबाईलवर आले आहे. ते खरे काय? वाचकांपैकीही अनेकांच्या मनात हा प्रश्न असेल. म्हणून वाटेवरच्या एकेका मुक्कामाचा आधार घेत त्याचे उत्तर येथे मांडतो.

चिखली : पानातले एक आम्ल

चिखलीच्या बसस्थानकाजवळ सकाळी सात वाजता पातेल्यात चहा उकळत असतो. दाणेदार पत्ती, साखर, किसलेले आले आणि मग दूध. या पातेल्यात जे थियानीन उतरते ते एक अमिनो आम्ल आहे. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांचे घटक. डाळीतील, दुधातील प्रथिने पचली की त्यांची अमिनो आम्ले होतात आणि त्यांतून शरीर आपली प्रथिने घडवते. थियानीन मात्र या कुटुंबातले असूनही वेगळे आहे. शरीर त्याचा उपयोग प्रथिने बांधण्यासाठी करीत नाही. ते तसेच रक्तात येते, मेंदूपर्यंत पोहोचते आणि काही तासांत लघवीवाटे निघून जाते.

१९४९ साली जपानमध्ये ग्योकुरो या उंची हिरव्या चहाच्या पानांतून ते प्रथम वेगळे करण्यात आले. हा चहा खुडण्यापूर्वी काही आठवडे झुडपांवर सावली करतात. त्यामागे कारण आहे. थियानीन चहाच्या मुळांत तयार होते आणि वर पानांत चढते. तेथे ऊन लागले की त्याचे रूपांतर कॅटेचिन नावाच्या तुरट द्रव्यांत होऊ लागते. सावलीतल्या पानात थियानीन टिकते व चव मधुर होते. उन्हातल्या पानात तुरटपणा वाढतो. वाळलेल्या पत्तीच्या वजनात थियानीनचे प्रमाण साधारण एक ते दोन टक्के असते. आपल्या दाणेदार काळ्या चहातही ते असते. त्यासाठी महागड्या हिरव्या चहाचीच गरज आहे, असे नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. परसात लावलेला गवती चहा हा नावापुरताच चहा. ते एक सुगंधी गवत आहे. तुळस, आले किंवा पुदिना यांचा काढाही चहा नव्हे. ही पेये चांगली असतील, परंतु त्यांत थियानीन नसते.

बुलडाणा : नळीच्या आतला थर

चिखलीहून बुलडाण्याला येईपर्यंत ऊन वर आले होते. 'भिल्लठाणा' या नावावरून बुलडाणा झाले असे सांगतात. येथील तपासणीच्या वेळी एका निवृत्त शिक्षकांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, रक्तवाहिनी म्हणजे शेवटी नळीच ना? मग चहा त्या नळीचे काय करणार?"

प्रश्न नेमका होता. रक्तवाहिनी ही पाण्याच्या पाइपासारखी निर्जीव नळी नव्हे. तिच्या आतल्या बाजूने पेशींचा एकच थर अस्तरासारखा पसरलेला असतो. हे अस्तर अत्यंत जागरूक असते. रक्ताचा प्रवाह वाढला की त्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अल्प प्रमाणात तयार करतात. तो भिंतीतील स्नायूंना सैल पडण्याचा निरोप देतो आणि वाहिनी रुंदावते. याच वायूमुळे रक्तातील कणिका भिंतीला सहजासहजी चिकटत नाहीत. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. वाढते वय, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तंबाखू यांमुळे या अस्तराची निरोप देण्याची शक्ती मंदावते. हृदयविकाराचा व पक्षाघाताचा पाया येथेच रचला जातो.

थियानीनचा संबंध याच ठिकाणी येतो. चेन्नईतील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अस्तराच्या पेशींना थियानीन दिल्यावर त्या अधिक नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, असे दिसून आले. वायू तयार करणारे जे विकर पेशीत असते, त्याला थियानीन जागे करते असा त्याचा अर्थ. उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांमध्ये थियानीनने दाब उतरल्याचे जपानी संशोधकांनी १९९५ साली दाखविले होते. माणसांवरही काही लहान प्रयोग झाले आहेत. कॅफीन घेतल्यावर रक्तदाब किंचित वाढतो. सोबत २०० मिलीग्रॅम थियानीन दिल्यास ही वाढ कमी होते, असे इंग्लंडमधील एका अभ्यासात आढळले. मानसिक ताणाच्या वेळी ज्यांचा दाब अधिक चढतो, त्यांच्यातही असाच परिणाम जपानमध्ये दिसला.

तेव्हा ही गोष्ट सर्वस्वी खोटी नाही. परंतु काचपात्रातील पेशी म्हणजे माणूस नव्हे आणि काही तासांचा प्रयोग म्हणजे वर्षानुवर्षांचे आरोग्य नव्हे. थियानीनमुळे हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात टळले, असे कोणत्याही प्रयोगाने सिद्ध केलेले नाही. थियानीनपेक्षा एकंदर काळ्या चहाविषयीचा पुरावा थोडा अधिक भक्कम आहे. बोस्टन येथे हृदयरोगाच्या रुग्णांना चार आठवडे काळा चहा दिल्यावर त्यांच्या वाहिन्यांची रुंदावण्याची क्षमता सुधारली, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. त्याचे श्रेय मुख्यतः चहातील तुरट द्रव्यांना दिले जाते.

राजूर घाट : पेल्याचा हिशेब

बुलडाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूर घाट लागतो. वळणावळणाचा रस्ता, दोहों बाजूंना सागाचे जंगल. घाट उतरताना गाडीत बसल्या बसल्या मी एक हिशेब मांडला. तो वाचकांनीही मांडून पाहावा.

दूध न घातलेल्या २०० मिलीलिटर काळ्या चहात साधारण २० ते २५ मिलीग्रॅम थियानीन असते. पत्ती जितका वेळ पाण्यात राहील तितके ते अधिक उतरते. आपल्या टपरीवरचा पेला जेमतेम ८० मिलीलिटरचा, आणि त्यात निम्मे दूध. म्हणजे एका पेल्यात पाच ते दहा मिलीग्रॅम थियानीन धरता येईल. प्रयोगांत दिलेली मात्रा होती २०० मिलीग्रॅम. ती गाठण्यासाठी वीस ते चाळीस पेले प्यावे लागतील. प्रत्येक पेल्यात दीड चमचा साखर धरली, तर त्याबरोबर दीडशे ते तीनशे ग्रॅम साखर पोटात जाईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवल्यास अधिक उत्तम. आपल्याकडे ज्येष्ठ मंडळी दिवसाला सहा पेले सहज घेतात. केवळ त्यातूनच ४५ ग्रॅम साखर होते. शिरा, बिस्किटे आणि प्रसादाचा पेढा निराळा.

दुधाचेही पाहू. बर्लिन येथे २००७ साली सोळा निरोगी स्त्रियांवर प्रयोग झाला. कोऱ्या चहाने त्यांच्या वाहिन्या चांगल्या रुंदावल्या. दूध घातल्यावर तो लाभ दिसेनासा झाला. दुधातील प्रथिने तुरट द्रव्यांना बांधून ठेवतात, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. इतर काही प्रयोगांत मात्र ही द्रव्ये दुधासोबतही रक्तात पोहोचल्याचे आढळले. म्हणून दुधाला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. ज्या आजींच्या आहारात दिवसभरात दूध जाते ते चहातूनच, त्यांचे तेवढे दूध तोडणे शहाणपणाचे नव्हे. दोष द्यायचाच असेल तर तो साखरेला द्यावा.

नांदुरा : डबीतला चहा

मोताळ्यावरून नांदुऱ्याला पोहोचलो. महामार्गावरची १०५ फुटी हनुमानाची मूर्ती दुरूनच दिसते. येथून जवळच्या एका गावात तपासणी होती. बहात्तर वर्षांच्या एक मावशी रांगेत आल्या. त्यांचा रक्तदाब १८२/१०४ निघाला. विचारल्यावर कळले की त्या नुकत्याच चहा घेऊन आल्या होत्या. चहा घेतल्यानंतर अर्धा तास तरी दाब मोजू नये, म्हणून त्यांना पाठ टेकून शांत बसविले आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजला. १७६/१००. म्हणजे हा दाब चहाचा नव्हता.

"मावशी, रक्तदाबाची गोळी घेता ना?"

त्यांनी पिशवीतून एक प्लास्टिकची डबी काढली. "पुण्याच्या नातवानं धाडली. चहाच्याच गोळ्या आहेत म्हने, रक्ताच्या नळ्या साफ करतात. मंग त्या इंग्रजी गोळ्या कायले घ्याच्या?"

डबीवर थियानीनचे नाव होते. पाच आठवड्यांपूर्वी त्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली होती. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती. त्यामुळे आपण बरे झालो अशीच त्यांची समजूत होती. नातवाचा हेतू प्रेमाचाच होता. पण मुक्या उच्च रक्तदाबात असे पाच आठवडे जाणे म्हणजे पक्षाघाताला दाराशी बसवून ठेवण्यासारखे आहे. मी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो आणि जुनी गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली. नातवालाही फोन लावून दिला. त्याला एवढेच सांगितले, "आजीला काही पाठवायचेच असेल तर रक्तदाब मोजण्याचे यंत्र पाठव." त्याने ते पाठविले. तीन आठवड्यांनी मावशींच्या सुनेने कळविलेला आकडा १४४/८४ होता.

थियानीनच्या गोळ्या विषारी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु रक्तदाबाची वा झोपेची गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना न विचारता त्या घेऊ नयेत. आणि चालू गोळीच्या जागी तर कधीच घेऊ नयेत. औषध आणि पूरक पदार्थ यांच्या पुराव्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पूर्णेकाठी : मचूळ पाण्याचा चहा

नांदुऱ्याहून जळगाव जामोदला जाताना येरळीजवळ पूर्णा नदी ओलांडावी लागते. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. येथील भूजल खारट आहे. विहिरीचे वा हातपंपाचे पाणी मचूळ लागते. आता अनेक गावांत धरणाचे पाणी नळाने येते, परंतु नळ आला नाही त्या दिवशी पुन्हा बोअरच्या पाण्याचाच आधार असतो. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची चिंता अनेक वर्षांपासून व्यक्त होत आली आहे.

एका घरी मला चहा मिळाला. त्याला किंचित खारट चव होती. घरातील आजोबा म्हणाले, "पाणी चांगलं खळखळून उकळतो, काही राहत नाही." ही समजूत मला अनेक घरांत आढळली, म्हणून मुद्दाम लिहितो. उकळल्याने जंतू मरतात. क्षार जात नाहीत. उलट पाणी आटून वाफ गेली की उरलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण वाढते. ज्या पाण्यात मीठ आहे त्या पाण्याच्या चहातही मीठ आहे. मचूळपणा झाकण्यासाठी साखर जास्त पडते, ती वेगळीच. ज्यांना उच्च रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांच्यासाठी पिण्याचे, चहाचे आणि स्वयंपाकाचे पाणी नळयोजनेचे किंवा क्षार काढलेले असावे. बोअरचे पाणी धुण्या-भांड्यांसाठी ठेवावे.

मूत्रपिंड म्हणजे तरी काय? सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे लक्षावधी गुंते. वाहिन्यांच्या अस्तरावर जे बेतते ते येथे फार लवकर उमटते. म्हणून या भागातील ज्येष्ठांनी वर्षातून एकदा रक्तदाबाबरोबर रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. चहातील थियानीन मोजण्यापेक्षा हे दोन आकडे माहीत असणे अधिक मोलाचे आहे.

शेगाव : चालणारे पाय

शेवटचा मुक्काम शेगावी. गजानन महाराजांच्या दर्शनासाठी येथे बारमाही गर्दी असते. आषाढीसाठी येथून पंढरपूरला पायी पालखी जाते. परतीच्या वाटेवर खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा पालखीसोबत असंख्य भाविक चालतात, त्यांत सत्तरी ओलांडलेलेही असतात.

रक्तवाहिनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते ते मुख्यतः रक्ताचा प्रवाह वाढल्यावर, आणि प्रवाह वाढविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चालणे. चेन्नईच्या प्रयोगात थियानीनने पेशींकडून जे काम करवून घेतले, तेच काम पायी चालणारा म्हातारा विनामूल्य करवून घेत असतो. प्रत्येकाने वारी करावी असे नाही. रोज अर्धा तास, गुडघे साथ देत नसतील तर दहा-दहा मिनिटांचे तीन फेरे, एवढे पुरते.

शेगावच्या रस्त्यावर पाहिलेली दुसरी गोष्ट मात्र खटकली. चहाचा पेला खाली ठेवताच हात खिशात जातो आणि खर्ऱ्याची पुडी बाहेर येते. तंबाखू चघळा वा ओढा, निकोटीन वाहिन्या आकसवते आणि अस्तराला इजा करते. चहाने दमडीचा लाभ दिला असेल, तर खर्रा रुपयाचे नुकसान करून जातो.

घरच्यांनी लक्षात ठेवावे असे

- साखर एकदम तोडू नये. दर आठवड्याला पाव चमचा कमी करावी. जिभेला नवी चव महिन्या-दीड महिन्यात अंगवळणी पडते. मधुमेह असल्यास बिनसाखरेचाच चहा द्यावा. गूळ ही साखरच आहे.
- दिवसातला एक चहा कोरा, हलका घेऊन पाहावा. लिंबाचे चार थेंब चालतात.
- लोहाची गोळी आणि चहा यांत किमान एक-दोन तासांचे अंतर असावे. चहातील तुरट द्रव्ये लोह शोषू देत नाहीत.
- थायरॉईडची गोळी पहाटे नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी; चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने.
- दुपारी चारनंतर चहा टाळावा. उतारवयात झोप मुळातच हलकी असते आणि कॅफीन रक्तात बरेच तास रेंगाळते.
- हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असेल, तर चहाही त्याच मापात धरावा.
- फार कढत चहा पिऊ नये. ६५ अंशांहून अधिक तापलेली पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतः वाढवतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१६ साली सांगितले आहे. बशीत ओतून, निववून पिण्याची आजोबांची रीत या दृष्टीने योग्यच आहे.

चहाचा एक गुण मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत मोजलेला नाही. तीन दिवसांत मी पाहिलेल्या अनेक वृद्धांच्या घरी दिवसभरात बोलायला येणारे माणूस म्हणजे चहाच्या वेळी डोकावणारा शेजारी. मुले शहरात, गुडघे दुखणारे, टीव्ही एकटाच बोलणारा. अशा घरात चहा बंद करा असे सांगणे म्हणजे त्या शेजाऱ्याला येऊ नको म्हणण्यासारखे आहे. म्हणून काळजीवाहकांना माझी विनंती आहे की, ज्येष्ठांचा चहा हिरावून घेऊ नका. त्यातली साखर कमी करा, पाणी चांगले वापरा, रक्तदाबाची गोळी वेळेवर द्या, आणि त्यांच्यासोबत बसून स्वतःही अर्धा पेला घ्या. थियानीनचे जे काही पाच-दहा मिलीग्रॅम त्यात असतील, ते आपले काम करतील.